बडोद्यात एम.एस्सी. केमिस्ट्री आणि एलएल.बी. एकदम करता येईल का?

दांडियाबाजार_टीवाय विचारते:

नमस्कार मंडळी. मी एम.एस. युनिव्हर्सिटीत टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय केमिस्ट्री. बाबा नंदेसरीत डाय-इंटरमिजिएट (रंग बनवायचा कच्चा माल) बनवणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतात. मागच्या वर्षी त्यांच्या कंपनीला प्रदूषण मंडळाची नोटीस आली, सांडपाण्याच्या नमुन्यात सी.ओ.डी. (पाण्यातली घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) मर्यादेपेक्षा बराच वर निघाला म्हणून. नोटिशीला उत्तर द्यायची मुदत होती, त्यामुळे रात्री जेवणं झाली की कंपनीच्या वकिलांचा बाबांना फोन यायचा. "सी.ओ.डी. आणि बी.ओ.डी. वेगळे का? दोन्ही एकाच पाण्याचे ना? मग उत्तरात कुठला आकडा धरायचा?" बाबा समजावून सांगायचे, की बी.ओ.डी. म्हणजे तीच घाण जिवाणूंनी खायला लागणारा ऑक्सिजन, आणि मी शेजारी बसून रिपोर्टमधले आकडे वाचून दाखवायचे. वकीलसाहेब हुशार माणूस आहेत. पण आपण ज्या कागदावर भांडतोय तो कागदच वाचता येत नाही, ही त्यांची अडचण मला फोनमधूनसुद्धा जाणवत होती. तेव्हापासून मनात पक्कं बसलंय की मला हे दोन्ही शिकायचंय.

आता प्रश्न. यू.जी.सी.ने एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे असं वाचलं. आपल्या युनिव्हर्सिटीत सायन्स आणि लॉ, दोन्ही फॅकल्टी आहेत. मग बी.एस्सी. झाल्यावर एम.एस्सी. ऑरगॅनिक आणि तीन वर्षांचं एलएल.बी. एकदमच सुरू केलं तर चालेल का? दोन वर्षं वाचतील. आईचं म्हणणं आहे की एम.एस्सी. कर, बी.एड. कर आणि शाळेत लाग. तिला समजावायचं तर माझ्याकडे नीट उत्तर हवं. या दोन विषयांची खरंच कुठे गाठ पडते, की नुसतं ऐकायला बरं वाटतं, तेही सांगा.

फतेगंज_लॉ:

एप्रिल 2022 पासून यू.जी.सी.चा नियम आहेच. दोन्ही कोर्स वर्गात बसून करायचे असतील तरी चालतात, फक्त तासांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत. आमच्या सोसायटीतला एक जण एम.कॉम. करता करता दुसरीकडे एम.ए. करतोय. सकाळी लॉ, दुपारी लॅब असं जमत असेल तर बिनधास्त फॉर्म भर.

अलकापुरी_पेटंट:

थांब गं, फॉर्म भरायची घाई करू नकोस. यू.जी.सी.चा निर्णय खरा आहे, एम.कॉम. आणि एम.ए.ला तो पुरतोही. लॉला पुरत नाही. त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलंय की जिथे व्यावसायिक परिषद आहे तिथे तिचे नियम लागू राहतील, आणि कायद्याच्या शिक्षणासाठी ती परिषद म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडिया. त्यांच्या 2008च्या लीगल एज्युकेशन रूल्समधला नियम 6 सांगतो की एलएल.बी.ला नाव नोंदवलेलं असताना दुसऱ्या पदवीला, पदव्युत्तर पदवीला किंवा सर्टिफिकेट कोर्सला नाव नोंदवता येत नाही. अपवाद आहेत, पण थोडे: एकाच संस्थेतला इंटिग्रेटेड कोर्स, भाषा किंवा कॉम्प्युटरचं छोटं अर्धवेळ सर्टिफिकेट, आणि दूरस्थ शिक्षण केंद्राचा कोर्स. सप्टेंबर 2024 मध्ये बार कौन्सिलने परत परिपत्रक काढून विद्यार्थ्यांकडून तसं लेखी घ्यायला सांगितलं. खोटं लिहून देऊन वकिलीच्या शिक्षणाची सुरुवात करायची नसते. पुढे सनदेच्या वेळी ते बाहेर आलं तर दोन नाही, पाच वर्षं जातील.

दूरस्थ एम.एस्सी. हा कायदेशीर रस्ता दिसेल तुला. माझं मत विचारशील तर तोही घेऊ नकोस. केमिस्ट्री हाताने शिकायची विद्या आहे. मिश्रण वेगळं करायला कॉलम लावलाय, टी.एल.सी.च्या पट्टीवर डाग सरकत नाहीये, सॉल्व्हंट बदलून परत लावायचं, यातून जी समज येते ती पुढे कोर्टात आणि पेटंट ऑफिसात उपयोगी पडते. आणि लॉला प्रत्येक विषयात 70 टक्के हजेरी लागते, ती वेगळीच.

म्हणून माझं सांगणं साधं आहे: आधी केमिस्ट्री पूर्ण कर, मग लॉ. मी तसंच केलं. एम.एस्सी. ऑरगॅनिक आपल्याच युनिव्हर्सिटीतून, नंतर एलएल.बी., मग पेटंट एजंटची, म्हणजे दुसऱ्यांसाठी पेटंटचे अर्ज लिहून चालवणाऱ्याची, परीक्षा. हा क्रम सांगते आहे त्याला कारण आहे. 1970च्या पेटंट कायद्याचं कलम 126 वाच. पेटंट एजंटच्या परीक्षेला बसायला विज्ञान, इंजिनीअरिंग किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. नुसत्या एलएल.बी.वर ती परीक्षा देता येत नाही. म्हणजे कायद्याच्या या खोलीची किल्ली केमिस्ट्रीच्या खिशात आहे. तू बी.एस्सी. झालीस की ती तुझ्याकडे आलीच.

आता गाठ कुठे पडते ते. माझ्या टेबलावर काय येतं ते सांगते. एका औषधाच्या दोन स्फटिकरूपांचे पावडर एक्स-रे डिफ्रॅक्शनचे, म्हणजे क्ष-किरण टाकून स्फटिकातली मांडणी दाखवणारे, आलेख. रेणू तोच, मांडणी वेगळी. पेटंटच्या दाव्यात, म्हणजे नेमका कशावर हक्क सांगितलाय त्या वाक्यात, लिहिलेलं असतं की अमुक अमुक टू-थीटा कोनांना (क्ष-किरण वळण्याच्या कोनांना) शिखरं दिसतात, अधिक-उणे 0.2 अंश. समोरच्या कंपनीच्या नमुन्यात एक शिखर त्या पट्ट्याच्या जरासं बाहेर असतं. आता ते शिखर खरंच दुसऱ्या रूपाचं आहे, की नमुना भरताना त्याची पातळी वर-खाली झाल्यामुळे सरकलंय? सगळी शिखरं एकाच दिशेने सरकली असतील तर मी एक प्रश्न विचारते, एकच सरकलं असेल तर दुसरा. मग ठरतं की दाव्याचा भंग झाला की नाही. कायद्याचं पुस्तक इथपर्यंत नेत नाही, आणि केमिस्ट्रीचं पुस्तक इथून पुढे येत नाही.

नोव्हार्टिस या औषध कंपनीचा निकाल तुला माहीत असेलच. नसेल तर आज रात्री काढून वाच, सर्वोच्च न्यायालय, 1 एप्रिल 2013. रक्ताच्या कर्करोगावरचं इमॅटिनिब मेसिलेट, त्याचं बीटा स्फटिकरूप. कंपनीचं म्हणणं, हे रूप जास्त स्थिर आहे, दमट हवेत पाणी कमी शोषतं, पावडर चांगली वाहते, आणि जैवउपलब्धता (औषध रक्तात किती पोचतं ते) 30 टक्क्यांनी वाढते. कलम 3(डी) म्हणतं, माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप असेल तर त्याची परिणामकारकता वाढलेली दाखवा. न्यायालयाने परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता असा अर्थ लावला. पावडर चांगली वाहणं हा कारखान्याचा फायदा, रुग्ण त्याने जास्त बरा होतो असं नाही. जैवउपलब्धता वाढल्याने उपचाराचा गुण वाढतोच हेही दाखवलेलं नव्हतं. पेटंट मिळालं नाही. तो निकाल वाचताना तुझं फिजिकल केमिस्ट्री पानापानाला कामी येईल, आणि लॉच्या वर्गातली निम्मी मुलं जिथे पानं उलटतात तिथे तू थांबशील.

मला या निकालाबद्दल आजही मनापासून आदर आहे. 1970च्या कायद्यात औषधाला फक्त प्रक्रियेचं पेटंट मिळायचं, उत्पादनाचं नाही. तोच रेणू दुसऱ्या मार्गाने बनवायला मोकळीक होती, आणि तो दुसरा मार्ग शोधणारे केमिस्ट आपल्या गुजरातेत घरोघरी होते. 1 जानेवारी 2005 पासून उत्पादनाचं पेटंट आलं. तेव्हा 3(डी) नसतं तर रूप बदलून जुन्याच औषधावर परत परत वीस वर्षं मिळवायचा रस्ता मोकळा झाला असता. हे कलम लिहिणाऱ्यांना केमिस्ट्री कळत होती.

दिवाळीपुरा_कोर्ट:

पेटंट सोडून द्या, साध्या फौजदारीतही हेच आहे. एन.डी.पी.एस.मध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, हेरॉइनची व्यावसायिक मात्रा 250 ग्रॅम. त्याच्या वर गेलं की किमान दहा वर्षं, आणि जामीन जवळपास बंद. एका खटल्यात पकडलेला माल 4 किलोच्या वर होता, पण तपासणीत शुद्धता निघाली 1.4 आणि 1.6 टक्के, म्हणजे शुद्ध हेरॉइन साधारण 60 ग्रॅम. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई. मायकल राज प्रकरणात शुद्ध मात्रा धरली. 2020 मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी ते बदललं: भेसळीसकट सगळं वजन धरायचं. माणसाच्या आयुष्याची दहा वर्षं या एका प्रश्नावर, की टक्केवारी कशाची आणि वजन कशाचं.

1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झालेत. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 176 मध्ये आलंय. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत सवड आहे. लॅबचे रिपोर्ट वाढणार. उलटतपासणी घेणारे केमिस्ट आमच्या बार रूममध्ये फार थोडे आहेत. या.

जुना_प्रयोगशाळावाला:

बाळा, मी सरकारी प्रयोगशाळेत पाण्याच्या तपासणीत आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. तुझ्या बाबांच्या वकिलांनी सी.ओ.डी. म्हणजे काय हे विचारलं, ते चांगलंच केलं. पण त्यापुढचे प्रश्न जास्त महत्त्वाचे होते. ते कुठले, ते तुला सांगतो.

सी.ओ.डी. काढताना नमुना पोटॅशियम डायक्रोमेट आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिडबरोबर दोन तास रिफ्लक्स करतात, म्हणजे वाफ थंड करून परत आत सोडत उकळतात. उत्प्रेरक म्हणून सिल्व्हर सल्फेट. उरलेलं डायक्रोमेट फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेट करायचं, म्हणजे ते थेंब थेंब टाकून मोजायचं. रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या फेरॉइनचे दोन-तीन थेंब टाकले की आधी निळसर हिरवं दिसतं, आणि शेवटच्या थेंबाला एकदम विटकरी होतं. किती डायक्रोमेट खर्ची पडलं त्यावरून ऑक्सिजनचा हिशोब.

आता तुझ्या बाबांच्या धंद्यातली गोष्ट. डाय आणि इंटरमिजिएट द्रावणातून बाहेर पाडायला मीठ टाकतात, म्हणून त्या सांडपाण्यात क्लोराइड भरपूर. क्लोराइडही डायक्रोमेट खातं आणि क्लोरीन होऊन जातं. प्रदूषण नसलेल्या मिठाचाही सी.ओ.डी. मग दिसायला लागतो. ते होऊ नये म्हणून मर्क्युरिक सल्फेट टाकून क्लोराइड बांधतात, आणि लिटरला 2000 मिलिग्रॅमच्या वर क्लोराइड असेल तर नेहमीची पद्धत तशीच्या तशी वापरायची नसते. म्हणजे विचारायचं काय? त्या नमुन्यात क्लोराइड किती होतं, ते मोजलं का, मर्क्युरिक सल्फेट किती घातलं, ब्लँक, म्हणजे नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेली तीच तपासणी, लावला होता का. नमुना सल्फ्युरिक ॲसिड टाकून पी.एच. 2च्या खाली आणून बर्फात आणला, की गाडीच्या डिकीत उन्हात. हे प्रश्न कारखान्याच्या वकिलाला यायला हवेत, आणि मंडळाच्या वकिलाला तर त्याहून जास्त. कारण खरोखर घाण सोडणारा कारखाना निव्वळ कागद कच्चा होता म्हणून सुटलेला मी पाहिला आहे. तेव्हा नदीकाठच्या गावाच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं.

दुसरं, नमुना घेण्याची रीत. 1974च्या पाणी कायद्याचं कलम 21 काढ. नमुना घेताना कारखान्याला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्यांच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांना सील, खूण आणि दोघांच्या सह्या. कारखान्याने मागितलं तर दुसरी बाटली कायद्याने ठरवलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत जाते. बाबांना विचार, दुसरी बाटली मागितली होती का? बरेच जण मागतच नाहीत, कारण सही करणाऱ्या सुपरवायझरला हा हक्क माहीत नसतो.

आपल्याकडचं सांडपाणी वाहून नेणारा एफ्लुएंट चॅनल सुमारे 55 किलोमीटर जाऊन खंभातच्या आखाताजवळ महीच्या मुखात पोचतो. त्या वाटेवर शेतं आहेत, गावं आहेत. तू कुठल्याही बाजूने उभी राहा, पण त्यांच्या विहिरींचा विचार करून उभी राहा.

दांडियाबाजार_टीवाय:

काका, बाबांना आत्ताच विचारलं. दुसरी बाटली मागितली नव्हती. सही सुपरवायझरनेच केली होती. क्लोराइडचा आकडा रिपोर्टमध्ये आहे, पण तो या नोटिशीसाठी कोणी बघितलाच नाही. बाबा तो रिपोर्ट परत काढून बसलेत.

ताई, नियम 6 कळला, एकदम करायचा विचार सोडला. आता पुढचं विचारते. एम.एस्सी. करून मग लॉ, की बी.एस्सी.नंतर सरळ लॉ? आणि लॉ करताना बाबांच्या ओळखीने कुठे लॅबमध्ये नोकरी मिळाली तर दोन्ही जमेल का? घरून तीन वर्षं फी भरायची म्हणजे ओढाताण आहे, म्हणून.

अलकापुरी_पेटंट:

पेटंट एजंटच्या परीक्षेच्या नियमाला बी.एस्सी. पुरते. तरी तू एम.एस्सी. करावीस असं मला वाटतं. पेटंट ऑफिसात एक्झामिनर, म्हणजे अर्ज तपासणारा अधिकारी, व्हायचं मनात आलं तर केमिस्ट्रीतून जाणाऱ्याला पदव्युत्तर पदवी लागते. आणि ज्यांचे अर्ज तुला लिहायचेत ते संशोधक बहुतेक पीएच.डी. असतात. त्यांच्या नोटबुकमधली रासायनिक अभिक्रिया तुला वाचता आली तर ते तुझ्याशी मोकळेपणाने बोलतात, नाहीतर तुला फक्त कागद देऊन जातात. आईलाही हा रस्ता मान्य होण्यासारखा आहे. एम.एस्सी. तिला हवीच आहे, आणि ती झाल्यावर बी.एड.चं दार बंद होत नाही. आधी एवढंच ठरवा दोघी मिळून.

पैशाचं म्हणशील तर एम.एस्सी. आणि लॉ यांच्या मध्ये एक-दोन वर्षं नोकरी कर. क्वालिटी कंट्रोलमध्ये नाही मिळाली तरी रेग्युलेटरी विभागात बघ, तिथे कायद्याचे कागद पहिल्या दिवसापासून हातात येतात. लॉ चालू असताना पूर्णवेळ नोकरी मात्र ओढू नकोस. लॉचे वर्ग सकाळी 8 ते संध्याकाळी 7 यांच्या आतच घ्यायचे असा नियम आहे, रात्रीचं कॉलेज आता नाही, आणि हजेरीचं वर सांगितलंच. संध्याकाळी अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीच्या शिकवण्या घे. आपल्या भागात मराठी घरातली मुलं शिकवणीला येतातच, आणि तुझाही विषय पक्का राहतो.

सनद घेतल्यावर पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, तो बार कौन्सिलचा वेगळा नियम, क्रमांक 49. कंपनीत पेटंट विभागात पगारावर राहायचं असेल तर सनद स्थगित ठेवावी लागते. पेटंट एजंटची नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे, तिची आणि सनदेची गल्लत करू नकोस. त्या परीक्षेत दोन लेखी पेपर आणि तोंडी असते, प्रत्येक पेपरला किमान 50 आणि एकूण 60 टक्के लागतात. ती दरवर्षी ठराविक महिन्यात होतेच असं नाही, तेव्हा पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावरच्या सूचना बघत राहा. गुजरातचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात.

या वर्षी काय करायचं, तेही सांगते, कारण नाव नोंदवायला बंदी आहे, वाचायला नाही. 1996चा बिच्छरीचा निकाल आधी वाच. उदयपूरजवळचं गाव, एच-ॲसिड हे डाय-इंटरमिजिएट बनवणारे कारखाने. एच-ॲसिड काय असतं ते तुझ्या घरात कोणाला सांगावं लागणार नाही. 375 टन मालामागे सुमारे 2,440 टन जिप्सम आणि लोखंडाचा गाळ निघाला असं निकालपत्रात आहे. तो उघड्यावर टाकला, पाऊस पडला, विहिरींचं पाणी काळपट लाल झालं. ज्याने घाण केली त्यानेच साफसफाईचा खर्च द्यायचा, हे तत्त्व न्यायालयाने तिथे लागू केलं. बाबांबरोबर बसून वाच. नॅप्थॅलीनपासून एच-ॲसिडपर्यंतच्या पायऱ्या कागदावर मांड, आणि कुठल्या पायरीला लोखंड येतं, कुठे चुना येतो ते लिही. मग निकालातला गाळाचा आकडा तुला पाठ करावा लागणार नाही.

ते झालं की पेटंट ऑफिसच्या इनपास या मोफत शोधयंत्रावर जाऊन, ज्या अभिक्रिया तू लॅबमध्ये स्वतः केल्या आहेस अशांचं एखादं प्रक्रिया-पेटंट काढ. शेवटच्या पानांवर दावे असतात. पहिला दावा वाच आणि त्यात न बसणारा, पण तोच पदार्थ देणारा एक मार्ग सुचतो का बघ. सुचला तर इथे लिही, मी बघून सांगेन.

दांडियाबाजार_टीवाय:

मनापासून आभार सगळ्यांचे. बिच्छरीचा निकाल उतरवून घेतला. नायट्रो गटाचं रिडक्शन लोखंडाने करतात, गाळातलं लोखंड तिथूनच येत असणार, बरोबर ना? चुना बहुतेक सल्फोनेशननंतर उरलेलं ॲसिड मारायला. उद्या बाबांची पहिली शिफ्ट आहे, दुपारी आले की त्यांच्याकडून तपासून घेते आणि मांडलेला कागद इथे टाकते.